प्रार्थनेप्रमाणे झालं नाही, म्हणजे विश्वास कमी पडला का?

नगरकरीण
आमच्या ओळखीतल्या एका बहिणीचा तरुण मुलगा गेला. मंडळीने उपास केले, रात्रभर साखळी-प्रार्थना केली. मातीहून परतताना एका भावाने तिला ऐकवलं, "कुठेतरी विश्वास कमी पडला." मला याची भयंकर चीड आली, कारण हे शास्त्राला धरून नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 12 काढा. हेरोद राजा येशूच्या शिष्याला, योहानाच्या भावाला याकोबाला, तलवारीने मारतो आणि मग दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकतो. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करते, देवदूत त्याला बाहेर काढतो. पेत्र येऊन दार ठोठावतो. दासी आत धावत सांगते, तर प्रार्थनेला जमलेलेच तिला म्हणतात, तुला वेड लागलंय! ज्यांची प्रार्थना फळाला आली त्यांनाच ती खरी वाटत नव्हती. आणि याकोबासाठी कुणी गुडघे टेकलेच नसतील का? पेत्र सुटला, याकोब गेला. यात विश्वासाचं माप कुठे बसतं?

पहाटप्रार्थना
सलाम ताई. त्या आईला तसं बोलणं निर्दयपणाचंच होतं. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला निघालात. मागा, शोधा, ठोका, हे प्रभूने स्वतः सांगितलं. शंका धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, असं बायबलमधलं याकोबाचं पत्र म्हणतं. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूने फारशी महत्कृत्यं केली नाहीत. ही वचनं कुठे ठेवायची? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी 1905 मध्ये मुलींना रोज प्रार्थनेला बसवलं आणि त्याच वर्षी तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. "जमलं तर दे" अशा सुरात त्या मागत नव्हत्या.

नगरकरीण
दादा, रमाबाईंचं नाव काढलंत तर पुढचंही पाहा. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. स्वतः बाई 1922 च्या एप्रिलमध्ये. 1905 ला भरलेला विश्वास 1921 ला आटला होता, असं म्हणाल?

नासरेथकरांनी येशूलाच झिडकारलं होतं. मुलाच्या उशाशी बसून त्याचाच धावा करणाऱ्या आईला ते वचन कसं लावता? तिच्या जवळचा आहे तो मार्क 9 मधला बाप. तो रडवेला होऊन सांगतो की विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालव. त्याचा मुलगा बरा झाला.

तर्कशुद्ध
मी विश्वास ठेवणारा नाही. रुग्ण बरा झाला तर देवाने ऐकलं, गेला तर देवाची योजना. मग प्रार्थनेने फरक पडतो हे ओळखायचं कशावरून? अमेरिकेत 2006 मध्ये बायपासच्या 1802 रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली.

वसईवाली
तो अभ्यास मी मान्य करते. पण बाप आणि लेकरू यांचं नातं दोन गट पाडून कसं मोजणार? मी माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मागण्यांच्या प्रार्थनेला, जाते. मागणं घेऊन येणाऱ्यांची तिथे रीघ असते, आणि मागितलेलं न मिळालेलेही पुन्हा येतात. ती माणसं भोळी नाहीत.

मला आधार गेथशेमाने बागेतल्या, क्रूसाआधीच्या रात्रीचा. हा दुःखाचा प्याला टळो, असं येशूने तिथे तीनदा विनवलं. प्याला टळला नाही. तरी इब्री लोकांस पत्रात, पाचव्या अध्यायात, त्याचं ऐकण्यात आलं असं लिहिलंय. क्रूस चुकला नाही, पण तिसऱ्या दिवशी पित्याने त्याला उठवलं. आमच्या घरच्या मरणाकडे मी त्यातूनच बघते. दुःख कमी होत नाही, पण देवाने पाठ फिरवली असं वाटत नाही.

तर्कशुद्ध
हे तपासता येत नाही, एवढंच म्हणेन.

पहाटप्रार्थना
वसईच्या ताईंचं म्हणणं पटलं. पण बागेतली पहिली विनंती स्पष्ट होती: प्याला टळो. "तुझ्या इच्छेप्रमाणे" हे त्यानंतर आलं. आपण पहिलं वाक्य गाळतो, कारण मागून न मिळण्याची भीती वाटते. मी आजाऱ्यावर हात ठेवीन तेव्हा तो बरा व्हावा असंच मागणार.

नगरकरीण
मागा ना, मीही तेच मागते. पण तुमच्या मंडळीत कुणी एखाद्या आईला "विश्वास कमी पडला" म्हणालं, तर तिथल्या तिथे गप्प कराल?

पहाटप्रार्थना
करीन, सगळ्यांसमोर. तुम्हीही पुढच्या आजाऱ्याच्या खाटेपाशी "जशी देवाची इच्छा" म्हणून सुरुवात करू नका.