'हेज-प्रीस्ट' म्हणजे ढोंगी पाद्री नव्हे

'हेज-प्रीस्ट' (hedge-priest) या जुन्या इंग्रजी शिवीचं भाषांतर करताना कुणी तिचा अर्थ 'ढोंगी पाद्री' असा देतं, तो मला पटत नाही. या शिवीचा रोख ढोंगावर नाही, दर्जावर आहे. ज्याला रीतसर दीक्षा मिळाली आहे, पण शिक्षण बेताचंच, हक्काचं चर्च नाही, नेमून दिलेलं उत्पन्न नाही, असा गावोगाव फिरणारा पाद्री म्हणजे हेज-प्रीस्ट. त्यामुळे बिशपला, म्हणजे वरच्या दर्जाच्या धर्माधिकाऱ्याला, कितीही शिव्या घालायच्या असल्या तरी ही लागू पडत नाही.

इंग्रजीत 'हेज' हा उपसर्गच हिणवणारा आहे. 'हेज' म्हणजे झुडपांचं कुंपण; त्याच्या कडेला चालणारं, म्हणजे हलकं, चोरटं. चोरून लावलेल्या लग्नाला 'हेज-मॅरेज' म्हणत. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास असली लग्नं पैसे घेऊन सर्रास लावली जात. 1753च्या हार्डविक विवाह कायद्याने त्यांना चाप बसला आणि नियम मोडणाऱ्या पाद्र्याला 14 वर्षं हद्दपारीची शिक्षा ठरली.

शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये नॅथॅनिएल या दुय्यम पाद्र्याला हाच शब्द वापरलाय, तोही बढाईखोर आणि विदूषक यांच्या पंगतीत बसवून. इंग्लंडमधल्या 1381च्या शेतकरी उठावातल्या जॉन बॉल या पाद्र्यालाही इतिहासकार हेच विशेषण लावतात; तिथे मात्र तो अडाणी होता असं समजू नये, त्याला चर्चमध्ये प्रवचनाची बंदी होती एवढंच.

भाषांतरात 'कुंपणावरचा पाद्री' अजिबात नको. मराठीत कुंपणावर बसणारा म्हणजे कुठलीच बाजू न घेणारा. संवादात 'उपटसुंभ पाद्री' चालेल, निवेदनात 'फिरस्ता, अर्धशिक्षित पाद्री'.