बटण दाबले की फॅन अर्धा फेरा घेऊन थांबतो, संगणक सुरू होत नाही

प्रश्न (केंद्रचालक, दारव्हा तालुका)

नमस्कार. सातबारा, पीकविम्याचे अर्ज आणि झेरॉक्स असे माझे गावात लहानसे केंद्र असून, तिथला डेस्कटॉप परवाच्या पावसापासून सुरू होत नाही. मृगाचे ढग गडगडायला लागल्यावर लाईन सारखी जात-येत होती आणि शेवटी आली तेव्हा खोलीतला बल्ब पांढराफटक पेटला, पंखाही नेहमीपेक्षा जोरात फिरू लागला. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच बसल्यामुळे संगणक थेट बोर्डाला जोडलेला होता. आता बटण दाबले की सीपीयूच्या आतला फॅन अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. बीप वाजत नाही, मॉनिटरवर काहीच येत नाही. मागचा खटका चालू केल्यावर माउसचा लाल दिवा मात्र लागतो. रॅम काढून, खोडरबराने पुसून पुन्हा बसवली, तरी फरक पडला नाही. तालुक्याच्या एका दुकानदाराने मशीन न पाहता फोनवरच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आहे. ऐन पेरणीच्या तोंडावर एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल? शेतकऱ्यांची स्कॅन केलेली कागदपत्रे याच हार्ड डिस्कवर आहेत, त्यामुळे जास्त काळजी वाटते.

उत्तर (हार्डवेअर दुरुस्ती, अकोला)

भाऊ, मदरबोर्डाचा निकाल इतक्या लवकर लावू नका. माउसचा दिवा लागतो, याचा अर्थ एसएमपीएसमधून, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यातून, 5 व्होल्टचा स्टँडबाय (बटण दाबण्यापूर्वीचा) पुरवठा येत आहे. फॅन अर्धा फेरा घेऊन थांबतो, याचा अर्थ एसएमपीएस सुरू होतो, पुढे कुठेतरी शॉर्ट असल्याचे त्याला जाणवते आणि तो स्वतःला बंद करून घेतो. हा शॉर्ट मदरबोर्डात असू शकतो, तसाच त्या एसएमपीएसला जोडलेल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूतही असू शकतो.

वायर बोर्डातून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून आतला उरलेला चार्ज जाऊ द्यावा आणि मग हार्ड डिस्क व डीव्हीडी ड्राइव्ह यांच्या पॉवर केबल काढून बटण दाबून पाहावे. तरीही तेच झाले, तर डब्याच्या पुढच्या बाजूच्या यूएसबीची केबल आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास तेही काढावे. प्रत्येक वेळी वायर काढूनच हात घालावा व पुन्हा जोडण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे, कारण एकदा बंद पडलेला एसएमपीएस लगेच उठत नाही. केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम उरल्यावरही फॅन थांबत असेल, तर प्रोसेसरजवळचा 12 व्होल्टचा चौकोनी प्लग काढून पाहावा. त्यानंतर फॅन फिरत राहिला, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे बहुधा खरे आहे.

उत्तर (संगणक प्रशिक्षक, वर्धा)

24 पिनांच्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून एसएमपीएस तपासा, असे आपल्याला पुष्कळ जण सांगतील. त्या चाचणीत फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असे समजू नये, कारण भार नसताना बिघडलेला एसएमपीएसही फिरतो. मल्टिमीटर असेल तर संगणक सुरू असताना पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6 आणि लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्ट मिळतात का, ते पाहावे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो.

केंद्रचालक, दारव्हा तालुका

हार्ड डिस्कची पॉवर केबल काढताच संगणक सुरू झाला, बीप वाजली आणि डिस्क सापडत नसल्याचा संदेशही आला. केबल जोडली की पुन्हा तोच अर्धा फेरा. पिवळ्या तारेवर 12.9 व्होल्ट दिसतात. डिस्कवरची माहिती गेली असे समजावे काय?

उत्तर (हार्डवेअर दुरुस्ती, अकोला)

बहुधा नाही. हार्ड डिस्कच्या हिरव्या पट्टीवर, पॉवरच्या प्लगजवळ, 5 आणि 12 व्होल्टसाठी संरक्षक डायोड असतात. दाब फार वाढला की ते स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या चिपला वाचवतात. वायर काढलेल्या स्थितीत मल्टिमीटर त्या डायोडच्या दोन टोकांना लावल्यावर जवळपास शून्य ओहम दिसले, तर दोष तिथेच आहे. जाणकार कारागीर तो डायोड काढून डिस्क एकदा चालवू शकतो आणि तेवढ्यात सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पट्टी आणून बसवण्याच्या फंदात पडू नका. आजकालच्या डिस्कमध्ये प्रत्येक पट्टीवरच्या चिपमध्ये त्या-त्या डिस्कची स्वतंत्र नोंद असते आणि ती चिप हलवल्याशिवाय बहुतेक वेळा डिस्क ओळखलीच जात नाही.

12.9 हा आकडा मर्यादेबाहेरचा आहे. म्हणून आधी एसएमपीएस बदलावा आणि मगच कोणतीही डिस्क, जुनी वा नवी, त्याला जोडावी.

उत्तर (वायरमन, पुसद)

बल्ब पांढराफटक पेटला, हे वाचून मला डीपीवरच्या न्यूट्रलची शंका येते. न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांच्या मालिकेत येतात आणि ज्या फेजवर भार कमी असतो, तिथे 230 ऐवजी पार 400 व्होल्टच्या जवळ दाब चढू शकतो. त्याच वेळी दुसऱ्या फेजवरच्या घरांत दिवे मिणमिणतात. शेजारपाजारी कुणाचा टीव्ही किंवा फ्रीज त्याच दिवशी गेला का, हे विचारावे आणि तसे असेल तर सगळ्यांनी मिळून वीज कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. एकट्याच्या फोनला कोण विचारतो! टेस्टरचा दिवा लागला म्हणून लाईन ठीक आहे असे समजू नका, कारण टेस्टर दाब मोजत नाही. संध्याकाळी, मोटारी बंद असताना, बोर्डावर मल्टिमीटर लावून पाहावे आणि आकडा 250 च्या वर गेला, तर डीपीची दुरुस्ती होईपर्यंत नवा एसएमपीएस त्या बोर्डाला जोडू नये.