विभागातील प्राध्यापक व कर्मचाऱ्यांची संकेतस्थळावरील पाने कशी आखावीत?

भूगोल विभाग (प्रश्न)

नमस्कार. राज्यातील एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी सहायक प्राध्यापक असून विभागाच्या संकेतस्थळाचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. सध्या 'आमचे प्राध्यापक' असे एकच पान आहे. त्यावर निळ्या पडद्यापुढची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, पदनामे आणि प्रत्येकापुढे 'बायोडेटा पाहा' असा दुवा आहे. तो दाबला की स्कॅन केलेली पीडीएफ उतरते. यातील बऱ्याच पीडीएफ मागच्या नॅक मूल्यांकनाच्या वेळच्या आहेत आणि त्यानंतर निवृत्त झालेले दोघे प्राध्यापक पानावर अजूनही कार्यरत आहेत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही.

प्रत्येकाचे स्वतंत्र पान करावे, असे विभागीय बैठकीत ठरले आहे. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर आहे. सर्वांना 'कॉन्ट्रिब्युटर' म्हणून खाते द्यावे, त्यांनी आपापले पान भरावे आणि मी तपासून ते प्रसिद्ध करावे, असा माझा बेत आहे. पानावर नेमके काय असावे, शोधनिबंधांची यादी हाताने भरावी की कुठून घेता येते आणि नावे कोणत्या क्रमाने लावावीत, या तीन बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु बैठकीत सर्वाधिक वेळ त्यावरच गेला.

जुना वेबमास्टर

आधी खात्यांविषयी. वर्डप्रेसमधील कॉन्ट्रिब्युटरला मजकूर लिहून मंजुरीसाठी पाठवता येतो, पण छायाचित्र चढवता येत नाही आणि एकदा पान प्रसिद्ध झाले की स्वतःच्याच पानात दुरुस्तीही करता येत नाही. म्हणजे पहिली खेप जेमतेम पार पडेल आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती पुन्हा आपल्याकडेच येईल. याच्या वरची 'ऑथर' ही भूमिका दिली तर मजकूर तपासणीविना थेट प्रसिद्ध होतो. शिवाय वर्षातून एकदा लागणारा पासवर्ड कुणाच्या लक्षात राहत नाही आणि न वापरलेली खाती ही संकेतस्थळाच्या सुरक्षेला कायमची डोकेदुखी असते. त्यापेक्षा विद्यापीठाच्या ईमेलवरूनच उघडेल असा एक गूगल फॉर्म ठेवावा, त्याची माहिती शीटमध्ये जमावी आणि तिथून एकाच व्यक्तीने ती संकेतस्थळावर घ्यावी.

दुसरे असे की पान म्हणजे कोरा कागद देऊ नये. 'कस्टम पोस्ट टाइप' (ठरावीक रकान्यांचा स्वतंत्र नोंदप्रकार) करून नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, पदनाम, रुजू झाल्याचे वर्ष, विशेषज्ञता, ईमेल, खोली क्रमांक असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. कोरी जागा दिली की एक जण चार ओळी लिहितो आणि दुसरा बारावीच्या गुणांपासून सुरुवात करतो. रकाने असले की सहायक प्राध्यापकांची वेगळी यादी किंवा 'हवामानशास्त्र' हा विषय असलेल्या मार्गदर्शकांची यादी आपोआप निघते, आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणारा विद्यार्थी नेमकी तीच शोधत येतो.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात मागवावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टंकलेली फाइल कुणीतरी नक्की पाठवेल. ती तशीच चिकटवली तर पानावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतील. नाव मराठी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत घ्यावे, आणि रोमन रूप शोधनिबंधांवर छापले जाते तेच असावे, अन्यथा शोधयंत्रात त्या व्यक्तीचे लेखन आणि तिचे पान यांची गाठ पडत नाही.

ग्रंथालयातून

शोधनिबंधांची यादी हाताने भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच यादी प्राध्यापकांकडून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष मागतो, एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी मागितली जाते, पदोन्नतीच्या प्रस्तावाला जोडावी लागते, आणि आता संकेतस्थळही मागणार. चार ठिकाणी चार वेगळे आकडे दिसू लागले की समितीपुढे खुलासा विभागप्रमुखांना करावा लागतो. म्हणून मूळ यादी एका ठिकाणी असावी आणि पानावर तिचा दुवा, फार तर निवडक पाच लेखनांचा उल्लेख असावा.

हे मूळ ठिकाण म्हणून मी ऑर्किड सुचवेन. 2012 पासून चालू असलेली ही ओळख-क्रमांकाची व्यवस्था व्यक्तीसाठी मोफत आहे. सोळा अंकांचा हा क्रमांक चार-चारच्या गटांत लिहितात आणि शेवटच्या जागी कधी कधी रोमन एक्स येतो, तेव्हा फॉर्ममधील रकाना फक्त अंक स्वीकारणारा नसावा. 'एस. पाटील' या नावाने छापलेले निबंध किती जणांचे असतील, याचा विचार केला की या क्रमांकाची गरज पटते. निबंध सादर करताना हा क्रमांक दिला आणि डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेला एकदा अनुमती दिली, तर डीओआय असलेले नवे निबंध नोंदीत आपोआप जमा होतात. गूगल स्कॉलर सोयीचे आहे, पण सारख्या नावाच्या दुसऱ्या लेखकाचे निबंधही ते खुशाल आपल्या खात्यावर जमा करते. तिथे आपोआप भर घालण्याऐवजी आधी विचारण्याचा पर्याय निवडावा.

याशिवाय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा 'विद्वान' हा तज्ज्ञांचा माहितीसंग्रह आहे आणि त्याच संस्थेची 'आयरिन्स' ही संशोधकांची माहिती व लेखन पानांवर मांडणारी व्यवस्था शैक्षणिक संस्थांना विनामूल्य मिळते. आपल्या विद्यापीठाने आयरिन्स घेतले आहे का, हे मध्यवर्ती ग्रंथालयात विचारून घ्यावे. घेतले असेल तर विभागाने संशोधनाची वेगळी पाने बांधण्यात अर्थ नाही. मार्गदर्शन केलेल्या प्रबंधांसाठी 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील नोंदींचे दुवे द्यावेत.

भूगोल विभाग

दोघांचेही आभार. खात्यांचा बेत मी रद्द करतो. एक अडचण मात्र राहते. आमच्या विभागातील ज्येष्ठ प्राध्यापकांचे निम्म्याहून अधिक लेखन मराठीत आहे: पाठ्यपुस्तके, जिल्ह्यांच्या भूगोलावरील पुस्तके, नियतकालिकांतील लेख. त्यांना डीओआय नाही. ऑर्किडवर विसंबलो तर त्यांची पाने रिकामी दिसतील आणि नुकत्याच रुजू झालेल्यांची भरगच्च.

ग्रंथालयातून

ही अडचण रास्त आहे. पुस्तकांना आयएसबीएन असेल तर ऑर्किडमध्ये तो ओळख-क्रमांक म्हणून चालतो, आणि मूळ मराठी शीर्षकासोबत अनुवादित शीर्षकाचाही रकाना आहे. लेख मात्र हातानेच नोंदवावे लागतील. ते काम ज्येष्ठांवर न सोपवता त्यांच्या कपाटातील पुस्तके समोर ठेवून संशोधक विद्यार्थ्याने करावे, म्हणजे मुखपृष्ठामागील पानावरून प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती बिनचूक उतरते. बायोडेटावरून नोंदवू नये. तिथे दुसऱ्या आवृत्तीचे वर्ष पहिल्या आवृत्तीपुढे लिहिलेले हमखास सापडते.

कार्यालय अधीक्षक

मी प्रशासकीय बाजू मांडतो. त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ संकेतस्थळावरून आजच काढून टाका. पदोन्नतीसाठी तयार केलेला बायोडेटा जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवण्याची प्रथा सर्रास आहे आणि त्यात जन्मतारीख, घरचा पत्ता, भ्रमणध्वनी, पॅन, कधी कधी आधार क्रमांक आणि शेवटी स्वाक्षरी, असा सगळा ऐवज एकाच कागदावर असतो. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4(1)(ख) नुसार अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे, परंतु निर्देशिका म्हणजे कौटुंबिक तपशील नव्हे. नाव, पदनाम, कार्यालयीन दूरध्वनी व ईमेल एवढे दिले की पुरते. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे, तेव्हा छायाचित्र आणि अन्य ऐच्छिक माहितीसाठी फॉर्ममध्येच संमतीचा रकाना ठेवावा.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पाने प्राध्यापकांइतकीच गरजेची आहेत. माझ्या मते विद्यार्थ्याला तीच आधी लागतात. लिपिकाच्या पानावर शैक्षणिक पात्रता नसली तरी चालेल, पण परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, बोनाफाइड, ना-देय दाखला यांपैकी कोणते काम त्यांच्याकडे आहे, कोणत्या वेळेत आणि ते रजेवर असल्यास कोण पाहते, हे स्पष्ट असावे. प्रयोगशाळा सहायकांच्या पानावर नकाशा कक्ष, जीआयएस प्रयोगशाळा आणि उपकरणे देण्या-घेण्याची वेळ यावी. तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही वगळू नये, फक्त त्यांच्या नियुक्तीचे शैक्षणिक वर्ष लिहावे. विभागप्रमुखांसाठी व्यक्तीच्या नावाचा नव्हे, पदाचा ईमेल घ्यावा, म्हणजे प्रमुख बदलले तरी पत्रव्यवहार तुटत नाही.

जुना वेबमास्टर

क्रमाचा प्रश्न किरकोळ नाही. त्यावरून झालेली नाराजी मी जवळून पाहिली आहे. मुख्य यादी पदनिहाय आणि प्रत्येक पदात आस्थापना विभागाच्या सेवाज्येष्ठता यादीप्रमाणे लावावी. ती यादी विद्यापीठाने मान्य केलेली असल्याने वाद झालाच तर तो संकेतस्थळाशी राहत नाही. यासाठी 'क्रमांक' असा एक रकाना ठेवावा. आडनावानुसार यादी द्यायचीच असेल तर संगणकाच्या सरधोपट क्रमावर विसंबू नये: युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो आणि क्षीरसागर हे आडनाव क च्या गटात जाते, तर आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. क्रमवारीसाठी मराठीचा नियम निवडावा लागतो.

पानाच्या पत्त्यात पदनाम घालू नये. 'सहायक प्राध्यापक' पत्त्यात आले की पदोन्नतीनंतर पत्ता बदलतो आणि बाहेरचे सगळे दुवे मोडतात. फक्त नाव पुरे. निवृत्तांची पाने काढून टाकू नयेत. त्यांच्या निबंधांवर विभागाचे नाव असते आणि वाचक वर्षानुवर्षे त्या पानावर येत राहतात. 'माजी प्राध्यापक' असा शिक्का, सेवेचा कालावधी आणि व्यक्तीची इच्छा असल्यास संपर्काचा ईमेल ठेवून ते पान कार्यरत यादीतून वेगळ्या यादीत हलवावे, पत्ता तोच राहू द्यावा. आपल्याकडील दोघांच्या बाबतीत हे आजही करता येईल, त्यासाठी नवी पाने तयार होण्याची वाट पाहू नये.