बुद्ध्यांक ६२, अंकविस्तारात नापास, स्मृतीच्या चाचणीत पास: सोंग म्हणायचं का?

प्रश्न:
डोक्याला सौम्य मार, भरपाईचा दावा चालू. बुद्ध्यांक ६२ आला. अंकविस्तारातून (ऐकलेले अंक सरळ आणि उलट क्रमाने म्हणण्याची चाचणी) काढलेला रिलायबल डिजिट स्पॅन, म्हणजे मन लावून उत्तरं दिली का हे दाखवणारा आकडा, ६ आला. तो कट-ऑफच्या खाली. टॉम, म्हणजे विसरण्याचं सोंग पकडणारी चित्रं ओळखण्याची चाचणी, तिच्या दुसऱ्या फेरीत मात्र ५० पैकी ४७. अहवालात 'सोंग' लिहावं का?

प्रतिसाद १:
एवढ्यावर मुळीच नाही. आधी डिजिट स्पॅन पुन्हा मोजा. ज्या लांबीच्या दोन्ही मालिका बरोबर आल्या तीच धरायची, सरळ आणि उलट वेगवेगळी, मग बेरीज. सरळमध्ये ४ अंकांच्या दोन्ही बरोबर आणि ५ अंकांची एकच, तर ४ धरा. इथे ५ धरण्याची चूक फार होते. आणि बुद्ध्यांक खरोखर ७० च्या खाली असेल, तर मन लावून उत्तरं देणाऱ्याचाही आकडा ६ येतो. टॉमचा कट-ऑफ ४५, त्यामुळे ४७ दावा करणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

प्रतिसाद २:
कट-ऑफखाली येणं वेगळं आणि निव्वळ अंदाजाच्याही खाली जाणं वेगळं. टॉमसारखं ५० वेळा दोन चित्रांतलं एक निवडायचं असेल तर डोळे मिटूनही २५ च्या आसपास मिळतात. १८ किंवा कमी मिळण्याची शक्यता जेमतेम ३ टक्के. तिथे बरोबर उत्तर माहीत असून टाळल्याचा संशय रास्त ठरतो. ४० च्या घरातले गुण डिमेन्शियातही दिसतात.

शिवाय जितक्या चाचण्या जास्त, तितके खोटे इशारे जास्त. प्रत्येकीत १० टक्के प्रामाणिक लोक नापास होतात आणि चाचण्या परस्पर स्वतंत्र आहेत असं धरलं, तर पाचपैकी निदान एकीत अडकणारे ४१ टक्के. दोन किंवा अधिक चाचण्यांत अडकणारे ८ टक्केच. म्हणून एका नापासावर कुणाला खोटं ठरवणं हा अन्याय आहे.

प्रतिसाद ३:
एमएमपीआय-२ ही व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली दिली असेल, तर तिची एफ ही लक्षणं फुगवल्याचं दाखवणारी पट्टी बघण्याआधी व्हीरिन आणि ट्रिन या उत्तरांतली विसंगती दाखवणाऱ्या पट्ट्या बघा. न वाचता खुणा केल्या तरी एफ चढतो. एफ स्वच्छ आला म्हणून विसरण्याचं नाटक नाही, असंही होत नाही. तो मानसिक लक्षणांची अतिशयोक्ती पकडतो.

खरी मेख ६२ मध्ये आहे. सौम्य माराने बुद्ध्यांक इतका कोसळत नाही. शाळेची गुणपत्रकं आणि कामाच्या नोंदी मागवा. पूर्वीपासूनच तसं असेल तर डिजिट स्पॅनचं कोडं सुटलं. पूर्वी सगळं सुरळीत असेल, तर आणखी एक वेगळ्या प्रकारची वैधता चाचणी (उत्तरं मनापासून दिली का हे तपासणारी) घ्या. तोवर अहवालात एवढंच: 'एका निर्देशांकावर शंका, दुसऱ्यावर नाही, बुद्ध्यांकाचा आकडा सध्या ग्राह्य धरता येत नाही.'