मदत हवी आहे: बोअरच्या सर्व्हेत नॉइज फार, कोणते पॉइंट काढू?

नमस्कार मंडळी. केज तालुक्यात एका शेतकऱ्याच्या रानात बोअरसाठी रेझिस्टिव्हिटी इमेजिंग केलंय, म्हणजे जमिनीत करंट सोडून खालचे थर विजेला किती अडवतात त्याचं चित्र. ४८ इलेक्ट्रोड (ठोकलेल्या सळया), दर ५ मीटरला एक, म्हणजे २३५ मीटरची लाईन. वेनर आणि डायपोल-डायपोल या सळया जोडण्याच्या दोन पद्धती वापरल्या. वेनरचा डेटा बरा आला. डायपोल-डायपोलचे खोलवरचे आकडे मात्र उड्या मारतायत, काही तर उणे आलेत.

मे महिना. काळ्या रानात भेगा एवढ्या की सळई ठोकली तरी डुगडुगते. मुरमाच्या टेकाडावर कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (सळई आणि मातीमधला अडथळा) ९ हजार ओहम होता. मिठाचं पाणी ओतून, टाचेनं माती दाबून दोन हजारांवर आणला. त्यात ३१व्या सळईवरून मोटारींची थ्री फेज लाईन गेलीय. लाईट गेल्यावर तिथली रीडिंग परत घेतली तर बरीच सुधारली, पण बाकीचं तोवर उरकलं होतं.

खरी अडचण पुढं आहे. इन्व्हर्जनला (मापांवरून जमिनीचं मॉडेल काढताना) आरएमएस एरर, म्हणजे मॉडेल आणि मापांतला सरासरी फरक, १८ टक्के. खराब दिसणारे पॉइंट (मापं) काढत ७ वर आणला, तर २० मीटर खोलीवरचा कमी रेझिस्टिव्हिटीचा पट्टाही पुसट झाला. तिथंच मांजऱ्या (सच्छिद्र) खडकात पाणी असेल असं वाटत होतं. शेतकरी दादांचे याआधी दोन बोअर कोरडे गेलेत, रोज विचारतात, "बोअरची गाडी सांगू का?" नुसतं चित्र साफ दिसावं म्हणून पॉइंट उडवायला मन धजत नाही. पॉइंट चुकीचा, हे तुम्ही कशावरून ठरवता?

प्रतिसाद

मॉडेलला न पटलेला पॉइंट चुकीचाच असतो असं नाही. रेसिप्रोकल घ्या: करंटची आणि व्होल्टेजची जोडी अदलाबदल करून तेच माप. जमीन तीच, म्हणून रेझिस्टन्सही तोच यायला हवा. जिथं फार फरक पडेल तो पॉइंट काढा, बाकीच्यांना फरकाच्या हिशोबानं वजन द्या.

२० मीटर खोलीला वेनरचा गुणक (रेझिस्टन्सला ज्यानं गुणून रेझिस्टिव्हिटी काढतात तो) सुमारे २५० (सळयांमधलं अंतर ४० मीटर), डायपोल-डायपोलचा ९,९०० (जोडीतलं अंतर १५ मीटर, दोन जोड्यांमधलं त्याच्या ५ पट). सारख्याच करंटला व्होल्टेज चाळीस पटीनं कमी, म्हणून तुमचे उणे आकडे. स्टॅकिंग (तेच माप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी) चौपट केलंत तर नॉइज निम्मा होतो. पण सगळे खराब पॉइंट एकाच सळईचे असतील तर स्टॅकिंगचा उपयोग नाही, ती सळई उपटून पुन्हा ठोका. फीडर (मोटारींची वीजलाईन) बंद असताना पूर्ण लाईन परत घ्या. पट्टा वेनरमध्येही दिसतो का? तोवर दादांना थांबायला सांगा.