इम्प्लांटनंतर तानपुऱ्याचा खर्ज ऐकू येईल का?

खर्ज
वय ५१, सांगलीजवळच्या शाळेत मराठी शिकवते. गेली १४ वर्षं ऐकू येणं कमी होत चाललंय. ताज्या ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात; डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी) दोन्ही कानांचं चित्र जवळपास सारखं आहे: २५० हर्ट्झला ३५ डेसिबल, ५०० ला ४५, आणि १००० च्या पुढे रेघ सरळ ९० च्या खाली. माणसाचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. 'सात' आणि 'आठ' मला एकच वाटतात. हजेरी घेताना पोरांच्या ओठांकडे बघावं लागतं. कुकरची शिट्टी येत नाही, पण तानपुऱ्याचा खर्ज अजून भरून येतो. रोज पहाटे वीस मिनिटं तेवढ्यासाठी बसते.

श्रवणयंत्राने आता भागत नाही. उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलंय, म्हणजे आतल्या कानात बसवून नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र. सर्जन म्हणाले, उरलेलं ऐकणं राहू शकतं, जाऊही शकतं. ते राहावं म्हणून नक्की काय करतात? कुणी यातून गेलंय का?

श्रवणमित्र
ताई, मी ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातली गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. नळीच्या तोंडाशी उंच स्वर, पार आत टोकाला खालचे. तुमच्या नळीच्या तोंडाकडच्या ऐकण्याच्या पेशी गेल्यात, टोकाकडच्या शाबूत आहेत. इम्प्लांटची तार, म्हणजे इलेक्ट्रोड, नळीच्या तोंडातूनच आत जातो, म्हणून तो टोकाकडच्या पेशींना न दुखवता बसवता येतो. आतला नाजूक पडदा फाटला, द्रव ओढला गेला, हाडाचा भुसा किंवा रक्त आत गेलं, की नुकसान होतं. म्हणून नळीच्या तोंडाशी असलेल्या गोल खिडकीतून, पातळ लवचिक इलेक्ट्रोड, अगदी सावकाश सरकवतात. सक्शन आत लावत नाहीत. स्टेरॉइड देतात. हॅनोव्हरच्या लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये ही हलक्या हाताची पद्धत मांडली. १९९९ मध्ये फ्रँकफर्टच्या फॉन इल्बर्ग यांनी एकाच कानात खालचे स्वर श्रवणयंत्राने आणि वरचे इम्प्लांटने, असं जोडून दाखवलं.

खरा प्रश्न लांबीचा आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेल्या हायब्रिड इम्प्लांटचा इलेक्ट्रोड १६ मिलिमीटरचा, तर लांबातले ३० च्याही पुढे जातात. आखूड म्हणजे धोका कमी. पण पुढे उरलेलं गेलंच, तर आखूड इलेक्ट्रोड टोकापर्यंत पोचत नाही आणि सगळा भार त्याच्यावर पडतो. 'किती लांबीचा, आणि तोच का?' हे सर्जनना स्पष्ट विचारा.

निळी_छत्री
माझं उरलेलं गेलं, म्हणून लिहिते. ऑपरेशननंतर महिन्याने तपासलं तेव्हा जेमतेम १० डेसिबलचा फरक होता. घरी पेढे वाटले. पाचव्या महिन्यात एका सकाळी इमारतीच्या पाण्याच्या मोटरची घरघर त्या कानाला येईना. मला वाटलं मोटर बंद आहे, म्हणून वॉचमनला खाली जाऊन विचारलं. तो चालू मोटरला हात लावून उभा होता. स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, उपयोग झाला नाही. असं उशिरा जाऊ शकतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा राग अजून आहे. चांगलं झालेलं ऑपरेशन पुरेसं नसतं. तुम्ही पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी खालचे स्वर तपासून घ्या. आवाज दबल्यासारखा वाटला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा, वाट बघू नका.

तरीही मी पुन्हा तेच ऑपरेशन करीन. आज फोनवर भाची 'सात वाजता येते' म्हणाली आणि मला सातच ऐकू आलं. गाणं मात्र त्या कानाला सपाट लागतं, सूर आणि शब्द वेगवेगळे पडतात. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र लावते, त्यामुळे खालचे स्वर तिकडून भरतात. तो कान जपा, तोच तुमचा तानपुरा.

श्रवणमित्र
हे फार महत्त्वाचं. एका वेळी एकच कान करा. दुसऱ्याचं यंत्र काढून ठेवू नका, दोन्ही मिळून ऐकायची सवय मेंदूला लागायला महिने जातात.

खर्ज
दोघांचेही आभार. तानपुरा नेहमी उजव्या खांद्याला टेकलेला असतो, भोपळ्याचा कंप त्याच बाजूने येतो. दोन्ही कान सारखेच असतील तर डावा का नको, हे सोमवारी विचारणार आहे. लांबीचा प्रश्न वहीत वरच लिहून ठेवलाय.