पाचारण निधी कशावर खर्च करावा, आणि सेमिनरीतून परत आलेल्या मुलाचे काय?

समिती चिटणीस, नागपूर

सर्वांना नमस्कार.

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेल्या वर्षी पाचारण समिती, म्हणजे धर्मगुरू होण्याची हाक ऐकणाऱ्या मुलांना साथ देणारी समिती, स्थापन झाली आणि तिचे चिटणीसपद माझ्याकडे आले. उत्तर नागपुरातला हा धर्मग्राम तसा लहान आहे. काही घरे मराठी, काही तमिळ, काही मल्याळी, तर बरीचशी कुटुंबे छत्तीसगड आणि झारखंडकडून कामासाठी येऊन इथेच स्थिरावलेली. त्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कधी हिंदीत होते, कधी इंग्रजीत, आणि मराठी मिस्सा महिन्यातून एकदाच मिळते. उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरनंतर पाचारणांसाठी प्रार्थना होते त्या रविवारी, आम्ही चर्चच्या आवारात तर्री पोह्यांचा स्टॉल लावला. त्याचे उत्पन्न आणि घरोघरच्या देणग्या मिळून 38,000 रुपये जमले. आता या रकमेचे काय करावे, यावर समितीत एकमत होत नाही. काही सदस्यांना मोठे फ्लेक्स आणि मुलांसाठी प्रश्नमंजूषा हवी आहे, काहींना सहल हवी आहे, आणि खजिनदारांना सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकायची आहे.

माझी अडचण मात्र पैशांची नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याच धर्मग्रामातला एक मुलगा बारावीनंतर सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षण केंद्रात, दाखल झाला. निघण्याच्या आदल्या रविवारी त्याला वेदीसमोर उभे करून शाल आणि श्रीफळ दिले, फोटो काढले, आणि त्याच्या आईवडिलांना पहिल्या बाकावर बसवले. यंदा जानेवारीत तो घरी परतला. त्याच्याविषयी कोणी वाईट बोलले, असे मी म्हणणार नाही, कारण कोणी काहीच बोलले नाही. पूर्वी दर रविवारी मिस्सेत बायबलचे वाचन करणारा हा मुलगा आता मागच्या दारापाशी, चपलांच्या रॅकशेजारी उभा राहतो आणि अखेरचा आशीर्वाद होण्याआधीच बाहेर त्याची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येतो.

यंदाच्या उन्हाळी पाचारण शिबिरासाठी आमच्याकडून एकही नाव गेले नाही. मी घरोघरी फिरलो तेव्हा एका माऊलीने मला दारातच सांगितले, ‘भाऊ, पोरगं गेलं तर देवाचं, पण वापस आलं तर कोणाचं?’ मला उत्तर देता आले नाही. ज्यांना या विषयाचा अनुभव आहे, त्यांनी कृपया सांगावे की धर्मगुरुपदाच्या पाचारणाला समाजाने पाठिंबा देणे म्हणजे नेमके काय करणे.

निवृत्त शिक्षिका

माझा एकुलता एक मुलगा धर्मगुरू आहे, म्हणून अनुभवाचे तेवढेच लिहिते.

त्याने पहिल्यांदा विषय काढला तेव्हा माझे पती आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांना देवाचा राग नव्हता, म्हातारपणाची धास्ती होती. त्या आठ दिवसांत धर्मग्रामातले बरेच लोक आम्हाला ‘तुम्ही किती भाग्यवान’ असे सांगून गेले आणि त्या प्रत्येक वाक्याने यांचा राग वाढत गेला. त्यांची समजूत पटली ती शेजारच्या एका गृहस्थामुळे. ते रोज संध्याकाळी येऊन बसत, चहा घेत आणि पाचारणाविषयी अवाक्षरही काढत नसत.

मुलगा निघाला तेव्हा लोखंडी ट्रंकेवर मी स्वतः ऑइल पेंटने नाव घातले. सेमिनरीतून आलेल्या यादीनुसार प्रत्येक कपड्यावर, अगदी मोज्यांवरसुद्धा, लाल दोऱ्याने त्याचा क्रमांक शिवला. त्या क्रमांकाचा मला आजही उगाच राग आहे. आपल्या निधीसंबंधी म्हणाल, तर अशा वेळी घरावर येणारा खर्च फार मोठा नसतो, मात्र तो अवचित येतो. चश्मा, दातांचे काम, थंडीचे कपडे, भेटीला जायचे रेल्वे तिकीट, असे त्याचे स्वरूप असते. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला त्यासाठी मदत करावी आणि ती कोणाला कळू देऊ नये, हे माझे आग्रहाचे मत आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नाताळच्या रात्री धर्मगुरूचे आईवडील बहुधा एकटेच जेवतात, कारण मुलगा त्याच्या धर्मग्रामात मिस्सा अर्पण करत असतो. आम्हाला बोलावणारे एकच घर होते.

शाल-श्रीफळ देऊ नये. निघणाऱ्या मुलासाठी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी आणि त्याला घरी जाऊ द्यावे.

सेमिनरीत शिकवणारा एक धर्मगुरू

चिटणीसांनी मांडलेला प्रश्न मला सेमिनरीच्या भिंतीच्या आतल्या बाजूने रोज दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम मुळाशी जाऊ. 1983 च्या धर्मसंहितेतील (कॅथलिक चर्चच्या कायद्यातील) 233 वे कलम पाचारणांची जोपासना करण्याचे कर्तव्य संपूर्ण ख्रिस्ती समाजावर सोपवते आणि त्यात कुटुंबे, शिक्षक आणि धर्मगुरू यांचा विशेष उल्लेख करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 सालीच धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयीच्या आपल्या आज्ञापत्रात हेच म्हटले होते. पण त्याच संहितेचे 1026 वे कलम आपण क्वचितच वाचतो. गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा, घेणाऱ्याला पूर्ण स्वातंत्र्य असले पाहिजे आणि कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणास्तव कोणावर दीक्षेची सक्ती करणे सर्वथा निषिद्ध आहे, असे ते कलम सांगते. सक्ती म्हणजे केवळ धमकी नव्हे. ज्या मुलाला परतीची वाट लाजेने बंद झालेली दिसते, तो आतून मोकळा राहत नाही. मग तो अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाला केवळ गावभर वाजलेल्या बँडमुळे चिकटून राहतो, आणि त्याची किंमत पुढे एखाद्या धर्मग्रामाला चाळीस वर्षे मोजावी लागते.

प्रशिक्षणाचा काळ दीर्घ असतो, तो याच कारणासाठी. 2016 साली रोमने प्रसिद्ध केलेल्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरंभीचा पूर्वतयारीचा टप्पा एक ते दोन वर्षांचा असतो, त्यानंतर किमान दोन वर्षे तत्त्वज्ञान आणि चार वर्षे ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकावे लागते. आपल्याकडे बहुधा पदवी आणि धर्मग्रामातील प्रत्यक्ष कामाचा काळ यांत मिळवला जातो, त्यामुळे बारावीनंतर आलेला मुलगा दहा वर्षांच्या आसपास प्रशिक्षणात असतो. पंचविसावे वर्ष पूर्ण झाल्याशिवाय त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा देता येत नाही आणि डिकन, म्हणजे धर्मगुरुपदाच्या आधीची पायरी, झाल्यानंतरही किमान सहा महिने थांबावे लागते. ही सारी वर्षे पारखण्याची असतात. सेमिनरी मुलाला पारखते आणि मुलगाही पाचारणाला पारखतो. तीन वर्षांनी ‘हा मार्ग माझा नाही’ हे ज्याला उमगले, त्याच्या बाबतीत सेमिनरीने आपले काम चोख केले असेच मी समजतो.

पालकांच्या एका धास्तीबद्दल स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. धर्मप्रांतीय धर्मगुरू, म्हणजे बिशपांच्या हाताखाली त्यांच्या प्रदेशात काम करणारा, आज्ञापालनाचे वचन देतो आणि ब्रह्मचर्य स्वीकारतो, परंतु संन्यस्त संघातील सभासदांप्रमाणे दारिद्र्याचे व्रत घेत नाही. वृद्ध आईवडिलांकडे लक्ष पुरवणे त्याला शक्य असते आणि पुष्कळ जण ते करतात. संन्यस्त संघांत ही व्यवस्था निराळी असते. एकुलत्या एका मुलाच्या घरी हा फरक आधीच समजावून सांगितला, तर निम्मी भीती कमी होते, आणि हे सांगण्याचे काम पाचारण समितीचेच आहे.

ज्यांना ‘वापस येणे’ म्हणजे अपयश वाटते, त्यांना धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हिएनी यांची आठवण करून द्यावी. लॅटिन जमेना म्हणून त्यांना 1813 साली लिऑनच्या सेमिनरीतून घरी पाठवले होते. एका वृद्ध धर्मगुरूने त्यांना आपल्याजवळ ठेवून शिकवले आणि 1815 साली, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. अर्थात प्रत्येक परतलेला मुलगा पुन्हा सेमिनरीत जावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

माजी ब्रदर

मीही सेमिनरीतून परत आलो होतो, साडेचार वर्षांनी. आज मला दोन मुले आहेत आणि मी एका खासगी कंपनीत हिशेब तपासतो.

वर फादरांनी संत व्हिएनींचे उदाहरण दिले. ते मला त्या काळात इतक्या वेळा ऐकवले गेले की शेवटी शेवटी त्याचा त्रास होऊ लागला, कारण त्यातही ‘पुन्हा प्रयत्न कर’ हेच होते. मला खरा आधार वाटला तो संत लुई आणि झेली मार्टिन या दांपत्याचा. लुई यांना मठात जायचे होते, पण लॅटिन येत नसल्याने प्रवेश मिळाला नाही. झेली यांनाही धर्मभगिनींच्या संघाने घेतले नाही. पुढे दोघांनी लग्न केले. लिझ्यूची संत तेरेजा ही त्यांचीच धाकटी लेक, आणि 18 ऑक्टोबर 2015 रोजी त्या दोघांना एकत्र संतपद जाहीर झाले. बंद झालेल्या दारापाशी त्यांची गोष्ट संपली नाही, एवढेच मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवे होते.

मी परतलो तो मे महिना होता. नागपूरच्या उन्हात दुपारी रस्त्यावर कोणी नसते, म्हणून मी मुद्दाम दुपारी दोन वाजता किराणा आणायला जात असे. लोक तीनच प्रश्न विचारत. का आलास, काय झाले, आणि पुढे काय. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर माझे मलाच ठाऊक नव्हते. तिसऱ्याबाबत मात्र मदत हवी होती आणि ती कोणी देऊ केली नाही. तत्त्वज्ञानाचा अभ्यास झालेला असतो, पण हातात नोकरीला उपयोगी पडेल असे प्रमाणपत्र असतेच असे नाही. चिटणीस साहेब, आपल्या निधीतून त्या मुलाच्या कॉलेजचे किंवा एखाद्या कोर्सचे शुल्क भरता आले, तर जरूर भरा. लोक म्हणतील की पाचारण निधी सेमिनरी सोडणाऱ्यावर उधळला. म्हणू द्यावे.

त्याला पुन्हा वाचनाला बोलवा, पण व्यासपीठावरून त्याचे नाव जाहीर करून नव्हे.

वसईची माहेरवाशीण, सासर नागपूर

वरील बहुतेक मते मला मान्य आहेत, पण एका मुद्द्यावर मी वेगळे बोलेन. सगळे काही गुपचूप करण्याच्या नादात आपण आनंद करणेच विसरू नये. माझ्या माहेरी गुरुदीक्षा म्हणजे सबंध गावाचा सोहळा असतो. मंडप, स्वयंपाक आणि पाहुण्यांची सोय यांत वाड्यावाड्यांतले लोक आठवडाभर राबतात आणि लहान मुले ते सगळे डोळे विस्फारून बघतात. माझ्या पिढीतल्या कित्येक मुलांच्या मनात ‘मीही’ हा विचार प्रथम तिथेच आला. फरक इतकाच की हा सोहळा दीक्षा झाल्यावर होतो, सेमिनरीत जाताना नव्हे. आपल्याकडे आपण बारसे आणि लग्न एकाच दिवशी उरकायला निघालो.

दुसरे असे की मुले घरात काय ऐकतात, याचाही विचार करावा. रविवारी मिस्सेहून परतल्यावर जेवणाच्या ताटावर आपण फादरांच्या प्रवचनाची लांबी, त्यांचे उच्चार, त्यांची गाडी, सगळे चघळतो, आणि मग त्याच मुलाने धर्मगुरू व्हावे म्हणून रोजरी म्हणतो. मी स्वतः हे केले आहे, म्हणून लिहिते.

नागपूरच्या बाबतीत मला नेहमी एक नवल वाटते. हा धर्मप्रांत 1887 साली स्थापन झाला आणि 1953 साली महाधर्मप्रांत झाला. पण आरंभी इथे ज्यांनी काम केले, ते फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी सव्हॉय प्रांतातल्या आन्सीसारख्या डोंगराळ भागातून समुद्र ओलांडून आले होते. त्यांच्या आयांना पुन्हा भेट होईल याची खात्री नव्हती. सदरचे कॅथेड्रल त्याच संताच्या नावाचे आहे. सेमिनरीमुळे एका सबंध टेकडीला नाव पडले, असे शहर मला तरी दुसरे ठाऊक नाही. आणि आपल्याला जरीपटक्याहून सेमिनरी हिल्सपर्यंत मुलगा पाठवताना घाम फुटतो. शिबिराला मुले मिळत नसतील, तर ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातील तेलाच्या मिस्सेला, म्हणजे पवित्र तेले आशीर्वादित होतात त्या मिस्सेला, त्यांना कॅथेड्रलमध्ये न्यावे. महाधर्मप्रांतातील धर्मगुरू तिथे आपल्या महागुरूंसमोर (आर्चबिशपांसमोर) वचनांचे नूतनीकरण करतात. तरुण, म्हातारे, काठी टेकत आलेले, सगळे एका रांगेत दिसतात. ऑटोचे भाडे निधीतून द्या.

समिती चिटणीस, नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल समितीची बैठक झाली. फ्लेक्स रद्द केले. छपाईवाल्याला दिलेले 500 रुपये आगाऊ बुडाले आणि त्यावरून खजिनदारांनी मला बरेच सुनावले. मुदत ठेवीचा त्यांचा आग्रह मात्र निम्म्या रकमेपुरता मान्य करावा लागला. उरलेली रक्कम दोन कामांसाठी बाजूला ठेवली आहे. सेमिनरीत असलेल्या मुलांच्या घरच्या अडीनडीला काही भाग, आणि परत आलेल्यांच्या शिक्षणासाठी काही. दुसऱ्या भागाला दोन सदस्यांचा विरोध होता. ‘यामुळे मुले सोडून येतील’ असे एकाचे म्हणणे पडले. मी त्यांना 1026 वे कलम वाचून दाखवले. ते पटले असे दिसले नाही, पण मत मात्र त्यांनी बाजूने दिले.

बैठकीनंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो गच्चीवर कूलरची जुनी खस काढून नवी बसवत होता. सेमिनरीविषयी मी काही विचारले नाही, खसचे दुसरे टोक धरून उभा राहिलो. काम संपल्यावर त्याच्या आईने पन्हे दिले. जाताना त्यानेच विचारले की या महिन्याची मराठी मिस्सा कितव्या रविवारी आहे. मी तिसऱ्या म्हणालो. घरी येऊन पाहतो तर ती चौथ्या रविवारी आहे, तेव्हा उद्या पुन्हा जावे लागेल.